अंग चोरून

बोलिंगच्या हॉलमध्ये, बूट भाड्याने देतात
त्या खिडकीला लागून माझी खिडकी होती, सुट्या नाण्यांची.
डॉलर द्या, चार पावल्या घ्या.
कारखान्याने पहिली अर्धी माणसं काढली त्या हिवाळ्यात
हार्लन फेरीत जेवढ्या पावल्या खपल्या
तेवढ्या ना आधी कधी खपल्या, ना नंतर.
पुरुष मूठ झाकून घ्यायचे,
किती उरल्या ते शेजारच्याला कळू नये म्हणून.

कोपऱ्यातल्या यंत्रात तीन राक्षस होते.
एक अस्वल, एक बेडूक,
आणि एक, ज्याला शिंगंही होती नि शेपूटही.
ते नेमकं काय, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.
तीन दांडे. त्यांना चिकटून तीन माणसं,
डेल्बर्ट ओतकामातला, युर्कोविच रंगखात्यातला,
आणि मर्ल टिबेट्स, एकवीस वर्षं फाटकावर
येणाऱ्या-जाणाऱ्यांची कार्डं बघणारा.

भिंतीला ठोसे मारत वर चढायचं,
खिडकीतून हाताला लागेल ते तोंडात टाकायचं:
माणूस, भाजलेली कोंबडी, टोस्टर.
टोस्टर चालू असला तर चटका.
इमारत कलली की उडी मारायची, नाहीतर आपणच तिच्याखाली.
ह्या एका बाबतीत तिघेही कच्चे.
उडी मारायला दर वेळी उशीर.

आणि जोर संपला की राक्षस आटायचा.
केस जायचे, शिंगं जायची,
उरायचा बोटभर उघडा माणूस.
दोन्ही हात पुढे धरून
आडवा आडवा, खेकड्यासारखा,
अंग चोरून पडद्याच्या कडेपर्यंत जायचा,
आणि कडेबाहेर.
सगळा हॉल हसायचा. मीही.

मार्चमध्ये ओतकाम बंद झालं.
मी समोरच्या रस्त्यावर, लाल दिव्याला, गाडीत.
फाटक अर्धंच उघडलेलं.
प्रत्येकाच्या पोटाशी एक खोका,
त्यात हातमोजे, डबा, कुणाचं कॅलेंडर.
आणि अर्ध्या फाटकातून खोक्यासह निघायचं तर
आडवंच व्हावं लागतं.
मर्ल त्या दिवशीही कार्डं बघत होता.
दिवा हिरवा झाला असणार,
मागच्याने भोंगा वाजवला.

त्या रात्री डेल्बर्ट हसला. मी गल्ला मोजला,
दोनदा मोजला, तीन पावल्या कमीच.

परवा युर्कोविचची टोनी आली, काखेत नवा खेळ.
तोच, पुन्हा बनवलेला, घरच्या टीव्हीसाठी.
माझा बापडीचा टीव्ही भिंतीएवढा, म्हणून माझ्याकडे.
बाबांचा राक्षस कुठला, तिने विचारलं.
म्हटलं, शिंगंही नि शेपूटही.

काय सांगू, वीट न् वीट सुटी पडते.
धूळ उडते, आणि ती खाली बसायलाही वेळ घेते.
अस्वलाचे केस वाऱ्यावर हलतात.
खिडकीतल्या बाईला आता चेहरा आहे,
पडदा सारून ती बघते, मग ओरडते.
आणि पैसे लागतच नाहीत. कितीही मरा.
मेलं की राक्षसाच्या सोनेरी ठिणग्या होतात
आणि चौकात तो पुन्हा उभा, आंघोळ केल्यासारखा.

मी म्हटलं, माणूस कुठे गेला?
कुठला माणूस?

आता हे सांगून कसं कळणार.
सांधे आखडलेले, वय चौऱ्याहत्तर,
तरी मी उठले. दोन्ही हात पुढे धरले
आणि सोफ्याच्या कडेने, टेबलाला वळसा घालून,
आडवी आडवी गेले स्वयंपाकघराच्या दारापर्यंत.

टोनी हसली, डोळ्यांत पाणी येईतो हसली.
मग म्हणाली, बाबा असेच यायचे घरी.
मागच्या दाराने.
आम्हाला वाटायचं, खोकल्याचं औषध लपवतात.

मी कॉफी ठेवली. साखर किती, ते विचारायचं राहिलं.
पडद्यावर राक्षस उभाच होता,
एका पायाने दुसरा पाय खाजवत.
काही मागत नव्हता.
पावलीसुद्धा.